इंद्रजिताची आजी

कॉलेजात शिकणारी माझी मुलगी हल्ली खलनायकांचं वकीलपत्र घेते. मालिकेतल्या पोरानं कुणाचं घर पेटवलं, की ही म्हणते, "पण बाबा, त्याला लहानपणी माया नाही ना मिळाली!" आम्हालाही काही ओंजळी भरभरून मिळाली नव्हती, आम्ही फार तर दुसऱ्याच्या शेतातला हरभरा उपटला. पण मी वाद घालत नाही. कारण एकेकाळी मी स्वतः खलनायक होतो, आणि माझ्या वकिलाचा आवाज गावभर ऐकू जायचा.

वसमत तालुक्यातलं आमचं गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. दसऱ्याला मात्र आमचं जिल्ह्याचं ठिकाण आधीपासून हिंगोलीच. तिथली रामलीला आणि रावणदहन पाहून आलेल्या गुरुजींनी स्नेहसंमेलनात रामायण बसवलं आणि मला मेघनाद केलं. जन्मताच ढगासारखा गरजला म्हणून मेघनाद, इंद्राला जिंकलं म्हणून इंद्रजित. माझ्या गळ्यावर गुरुजींचा भरवसा होता. अडचण एवढीच, की हा गडी अदृश्य होऊन लढतो. दोन दिवस डोकं खाजवून गुरुजींनी तोडगा काढला : "तू स्टेजवर येऊच नको. आतून ओरड."

त्यामुळे राम-लक्ष्मणांना मी नागपाशात बांधलं ते विंगेतून. सुतळी त्यांची त्यांनीच गुंडाळून घेतली. पुढे सतरंजीवर बसलेली आजी शेजारणीला दर पाच मिनिटांनी विचारी, "आमचं पोरगं कव्हा येतंय वं?" अखेर निकुंभिलेच्या यज्ञाला मी लोकांना दिसलो. तोच चुलता बिभीषण वाट दाखवत आला, मागोमाग लक्ष्मण, आणि मी आडवा. आजी ताडकन उठली. "आरं, पूजेला बसलेल्या लेकराला काहून मारायलास? आन् तू रं, चुलता हायस का कोण?" बिभीषण झालेलं पोरगं स्टेजवरच रडायला लागलं.

पुढे कळलं, की आजी एकटी नव्हती. मायकेल मधुसूदन दत्तांनी 1861 मध्ये 'मेघनादवध काव्य' लिहिलं, त्यातही निःशस्त्र इंद्रजितावर शस्त्र उचलणारा लक्ष्मण तिच्याच नजरेनं पाहिलेला. आपल्या आख्यानांत तर इंद्रजिताच्या सुलोचनेनं पिढ्यान्‌पिढ्या बायकांना रडवलंय. नवऱ्याचा तुटलेला हात तिच्या अंगणात येऊन पडतो आणि काय घडलं ते लिहून दाखवतो. हे सांगताना आजी हटकून चूल फुंकायला वळायची. डोळे पुसायला धूर बरा.

पण याच इंद्रजितानं मायेची सीता रथात बसवली आणि हनुमानादेखत तलवारीनं कापली. सीता खोटी होती, पाहणाऱ्यांचा आक्रोश खरा होता. हा प्रसंग गुरुजींनी गाळला, ते मला फार लागलं. म्हणून संमेलनानंतर मी तो घरीच केला. बहिणीची चिंध्यांची बाहुली घेतली, विळी पुढं ओढली, आणि गर्जना करून सीतेचा निकाल लावला.

बहिणीनं हंबरडा फोडला. आजी फुंकणी घेऊन आली.

"अगं, खोटी सीता हाय ती!"

"रडायली ती खोटी हाय का?"

फुंकणी मनगटावर बसली. मी तिला संमेलनातलं तिचंच वाक्य ऐकवलं, "लेकराला काहून मारायलीस?"

"लेकरू हायस म्हणूनच."

रात्री तिनं वळावर हळद लावली. वसमतच्या घरात हळदीला काय तोटा? मग सुईत दोरा ओवायला मला बसवून बाहुलीची मान शिवली. ती कायमची डावीकडं कलली.

हे सगळं मी परवा मुलीला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "बाबा, म्हणजे तुम्हाला लहानपणी फुंकणीनं मारायचे?"

बाहुलीचं तिनं काहीच विचारलं नाही. ते माझी बहीण दर राखीला विचारते.