आलोच, काका!

पेणमध्ये वायरमनचं ‘पाच मिनिटांत आलो’ हे बहुधा नागोठण्याच्या पलीकडून बोललेलं असतं. रोह्याचा म्हणावा तर तो धाटावच्या एमआयडीसीत. आणि श्रावणात पेणचा सापडतो गणपतीच्या कारखान्यात. (बाप्पाच्या पुढे आपला पंखा कोण बघतो!)

आमचा वायरमन चौथ्या दिवशी आला. बोर्ड उघडून मान हलवली, “हे कुणी केलंय?” दोन वर्षांपूर्वी तूच, हे सांगायचं नसतं.

पावसाने भिंत ओली, ईएलसीबी सारखा पडतो. ३० मिलिअँपिअर वीजगळतीला पडावा म्हणूनच तो बसवलेला. यावर वायरमनचा तोडगा, “काढूनच टाकू? कटकट मिटेल.”

मिटेल खरी, आपल्यासकट. मी भीतभीत अर्थिंगचं विचारलं.

“चप्पल घालत जा ना, काका.”