मामा, तू दारातच उभा होतास

रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी मी मेलो. तसा मी रोजच मरतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी काउंटर-स्ट्राइक खेळायला बसणाऱ्याला मरणाचं अप्रूप राहत नाही. पण त्या दिवशी मी दारातून पळत भिंतीआड गेलो होतो. चांगला पुरता आड, कोपरसुद्धा बाहेर नाही. निवांत बंदूक भरत होतो. तेवढ्यात चित्र गोठलं, कुणीतरी सदऱ्याला धरून मागे ओढावं तसा मी पुन्हा दारात आलो, आणि आलो तो मेलेलाच.

"अरे, मी भिंतीमागे होतो!" मी ओरडलो.

"नाही मामा," हेडफोनमधून नाशिकचा भाचा शांतपणे म्हणाला, "तू मघापासून दारातच उभा होतास. उद्घाटनाला आल्यासारखा."

यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. या खेळाचा सर्व्हर सेकंदाला 64 वेळा सगळ्यांची हजेरी घेतो. त्याचं उत्तर येईस्तोवर आपण ताटकळू नये म्हणून आपलाच कॉम्प्युटर अंदाजाने आपल्याला पुढे पळवून दाखवतो. पोचलात बरं का साहेब, बसा. मी बँकेत आहे, त्यामुळे मला हे लगेच पटलं. पासबुकात काहीही दिसो, लेजरमध्ये असेल ते खरं. माझ्या पासबुकात मी भिंतीआड होतो, लेजरमध्ये दारात.

एखादवेळचं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे रोज घडायला लागलं, आणि तेही नऊ वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला. पुढची दहा-पंधरा मिनिटं माझा माणूस तुपात पडलेल्या माशीसारखा चालायचा. मग सगळं आपोआप सुरळीत.

आम्ही राहतो डोंबिवलीत, खेळाचा सर्व्हर मुंबईत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे डोंबिवली-मुंबई त्याला किस झाड की पत्ती. एरवी माझा पिंग आठ असतो. आठ मिलिसेकंदांत माझी गोळी मुंबईला जाऊन निरोप घेऊन परत येते. त्याच मुंबईला पोचायला मला स्वतःला सव्वा तास लागतो, ते असो. नऊ-दहाला हा आठाचा आकडा सहाशे-सातशे व्हायचा. आणि सलग सहाशे असता तरी चाललं असतं. रोज न चुकता दहा मिनिटं उशिरा येणाऱ्या लोकलचा कुणाला त्रास नसतो, आपण घरातून दहा मिनिटं उशिरा निघतो. जीव खाते ती कधी वेळेवर, कधी पंधरा मिनिटं लेट येणारी. हिलाच गेमवाली पोरं जिटर म्हणतात.

पहिला संशय अर्थातच इंटरनेट कंपनीवर. आपल्याकडे घरात काहीही बिघडलं की आधी बाहेरच्याला धरायचं असतं. कस्टमर केअरच्या मुलीने राउटर बंद करून चालू करायला लावला आणि म्हणाली, "सर, आपला स्पीड शंभर दिसतोय." दिसतच होता. पण स्पीड म्हणजे रस्त्याची रुंदी. सहा पदरी रस्त्यावर टोलनाक्याला किती वेळ गेला, हे रुंदी सांगत नाही. हे मी तिला सांगितलं. तिने मला पाच गुण देण्याची विनंती केली.

दुसरा संशय मायक्रोवेव्हवर. त्याच वेळी बायको दूध गरम करते, आणि मायक्रोवेव्ह चालतो 2.45 गिगाहर्ट्झवर, म्हणजे जुन्या वायफायच्या ऐन दारात. हा संशय काही अगदीच खुळा नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीला 1998पासून काही गूढ लहरी सापडत होत्या. 2015मध्ये उलगडा झाला की, वेधशाळेतलंच कुणीतरी मायक्रोवेव्ह थांबायच्या आत त्याचं दार उघडत होतं. सतरा वर्षं शास्त्रज्ञ आकाशाकडे बघत होते, आणि इकडे कुणाचा तरी डबा गरम होत होता. एवढा मोठा दाखला देऊन मी बायकोला आठवडाभर दूध गॅसवर तापवायला लावलं. दोनदा उतू गेलं. लॅग जिथल्या तिथे.

"केबल टाक मामा," भाचा म्हणाला. वीस मीटरची लॅनची वायर आणली. राउटरपासून निघाली, शोकेसवरून, चपलांच्या रॅकमागून, दाराच्या फटीतून माझ्या टेबलापर्यंत. "घराला सलाइन लावल्यासारखं दिसतंय," बायको म्हणाली. कामाच्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी ती केरसुणीने भिंतीतून उपटली. पुन्हा लावली. नऊ-दहाला पुन्हा मेलो, आता वायरसकट.

मग मात्र रीतसर तपास केला. पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस नावाच्या अमेरिकी माणसाने 1983च्या डिसेंबरात लिहिला, तो मुळात अशाच एका नेटवर्कच्या दुखण्यापायी. पाणबुडीच्या सोनारचा आवाज तो पिंग. हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते बघायचं. मी दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीतून घरातल्या राउटरला हाक, दुसरीतून बाहेरच्या जगाला. नऊ-दहा झाले. पहिली खिडकी : एक, एक, एक. दुसरी : आठ, नऊ, अकरा, तीनशे चाळीस, सहाशे दहा, सातशे ऐंशी.

म्हणजे माझ्यापासून राउटरपर्यंत आलबेल. गर्दी होती ती घराबाहेर पडायच्या दारात.

घरातले फोन एकेक करून विमान मोडवर टाकले. बायकोचा टाकला, फरक नाही. मुलीचा टाकला, भांडण झालं, फरक नाही. उरला हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. तो विमान मोडवर टाकला आणि दुसऱ्या खिडकीत आठ, आठ, आठ. परत चालू केला. सातशे. बंद. आठ. चालू.

"काय करतोयस रे माझ्या फोनशी?" झोपाळ्यावरून अप्पा.

"काही नाही, हवामान बघतोय."

अप्पा जेवून शतपावलीला जातात, नऊ वाजता परततात आणि फोन चार्जिंगला लावतात. वायफाय आणि चार्जर दोन्ही मिळाल्यावर फोन दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतो. आता पासबुक छापायची रांग डोळ्यांपुढे आणा. तुमचं एकच पान आहे, दोन सेकंदांचं काम. पण पुढे उभा आहे अख्ख्या महिला मंडळाची चाळीस पासबुकं घेऊन आलेला गृहस्थ. राउटर शहाणा असता तर म्हणाला असता, "काका, जरा थांबा, या साहेबांची एक गोळी जाऊ द्या." पण तो आमच्या जुन्या मॅनेजरसारखा. कुणाला नाही म्हणत नाही, येईल त्याला आत घेतो आणि रांग जिन्यापर्यंत नेतो. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अनुभवी तंत्रज्ञालाही 2010मध्ये हा रोग स्वतःच्या घरातच सापडला, एवढाच काय तो मला दिलासा.

इलाज पाच मिनिटांचा निघाला. राउटरच्या सेटिंगमध्ये अप्पांच्या फोनच्या अपलोडला लगाम घातला. लाइन पूर्ण भरू द्यायची नाही, थोडी मोकळी ठेवायची. पिंग आठ.

पण शहात्तर वर्षांचा माणूस रोज एवढं चढवतो तरी काय? फोन उघडला. एक व्हिडिओ, दहा मिनिटांचा, साडेतीन जीबीचा, पूर्ण काळा. मागच्याही दिवशी तसाच, त्याच्या मागच्या दिवशीही. वेळ बघायला फोन काढायचा, त्यात कॅमेऱ्यावर बोट पडायचं, आणि तो तसाच सदऱ्याच्या खिशात जायचा. चित्र नाही, नुसता आवाज. चपला, कुत्रं, रिक्षा, आणि कट्ट्यावरची मंडळी.

"पोरगा रात्री अकरापर्यंत मिटिंगमध्ये असतो," अंधारातून अप्पांचा आवाज. "हिंदीत ओरडतो, इंग्रजीत ओरडतो. परवा म्हणत होता, मला कव्हर द्या, मी एकटा पडलोय, सगळे गेले. त्यांच्या बँकेचं काही खरं दिसत नाही."

"मग मी एफडी मोडू का?" कुणीतरी घाबरून विचारलं.

चपलांचा आवाज थांबला.

"थांब जरा. त्याला विचारून सांगतो."

अजून विचारलेलं नाही. नऊ-दहाला फोन चार्जिंगला लावून ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहतात, आणि मी हेडफोन काढेपर्यंत निघून गेलेले असतात.