चार लॉरा

भांडण टोळांवरून झालं. म्हणजे वरवर टोळांवरून. खरं कारण असं की आमच्यातली एक जण मुलाकडे मिनिआपोलिसला गेली, तिथून गाडी काढून वॉलनट ग्रोव्हला गेली आणि प्लम क्रीकमध्ये पाय बुडवून आली. दोन्ही पाय. फोटोही होता. ‘लिटल हाउस’ पुस्तकांतलं इंगल्स कुटुंब ओढ्याकाठच्या ज्या मातीच्या घरात राहिलं, त्याचं छप्पर कधीच खचलंय, आता नुसता खळगा उरलाय. त्या खळग्याशेजारी ही सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून उभी. मी फोटो पाहिला, ‘छान आलाय’ म्हटलं, आणि त्याच श्वासात विचारलं, ‘ते टोळ आता जगात कुठेच नाहीत, माहितेय ना?’

तिला माहीत नव्हतं. मला फार बरं वाटलं. १८७०च्या दशकात ज्या रॉकी माउंटन टोळांनी त्या मुलखात सूर्य झाकून टाकला आणि इंगल्सांचा गहू काडीसकट फस्त केला, त्या जातीचा जिवंत टोळ १९०२नंतर कोणाला सापडलेला नाही. अब्जावधी होते आणि तीसेक वर्षांत संपले. हे मी इतक्या तपशिलात सांगितलं की पाय बुडवून आलेलीचे पाय सगळे विसरले. फोटो पर्समध्ये परत गेला.

त्या दिवशी ७ फेब्रुवारी होता. त्या पुस्तकांच्या लेखिकेचा, लॉरा इंगल्स वाइल्डरचा वाढदिवस, जन्मसाल १८६७. आम्ही चौघी दरवर्षी या दिवशी जमतो आणि पुस्तकातला एकेक पदार्थ करून आणतो. चौघींच्या वयांची बेरीज दोनशेतीसच्या वर जाते, पण हे वाक्य मी त्यांना विचारून लिहिलेलं नाही. यंदा माझ्या मावसबहिणीने ‘व्हॅनिटी केक’ आणले होते. अंडं आणि मैदा फेटून तळायचे. मूळ कृतीत चरबीत, आमच्याकडे शेंगदाण्याच्या तेलात. पुरीसारखे टम्म फुगतात आणि आत काही नसतं. पुस्तकातली आई, म्हणजे मा, मुलींना सांगते की म्हणूनच यांना हे नाव, गर्वासारखे नुसते फुगलेले. बहिणीने पहिली ताटली माझ्यापुढे ठेवली. मी तेव्हा त्यात काही अर्थ शोधला नाही.

(या मालिकेबद्दल मराठीत लिहायचं म्हणजे एक अडचण आहे. ‘पा’ला प्रत्यय लावला की ‘पाने’ झाडाला लागतात, आणि ‘मा’ला लावला की ‘माने’ हे सरळ कोल्हापूरकडचं आडनाव होतं. मी जमेल तिथे पळवाट काढते आहे.)

माझ्याकडे ही पुस्तकं आली तेव्हा आम्ही धरणाच्या कॉलनीत राहत होतो. बाबा पाटबंधाऱ्याच्या कामावर, दर तीन वर्षांनी बदली. त्यांनी पुण्याहून रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून मालिकेतली तीन उचलून आणली होती. मी पाचवीत. इंग्रजी असं की ‘प्रेअरी’ हा शब्द मी ‘प्रेयर’चा भाऊ समजले. प्रार्थनेच्या मैदानावर या लोकांनी घर बांधलं, तिथे लांडगे येतात, तरी कोणी प्रार्थना करत नाही, याचं मला दोन वर्षं कोडं होतं. मोलॅसिस म्हणजे काकवीच, हे कळायला आणखी एक वर्ष लागलं. बाकी मला सगळं समजलं होतं. सामान बांधायचं, गाडीत चढायचं, मागे वळून घराकडे बघायचं, नव्या ठिकाणी पहिल्या रात्री झोप येत नाही. हे समजायला शब्दकोश लागत नव्हता. इंगल्सांची छपराची गाडी होती, आमचा खात्याचा ट्रक. पा संध्याकाळी फिडल वाजवायचा, बाबा बाजाची पेटी. मी बाबांकडे बघायचे आणि मला पा दिसायचा. आई काय करायची ते मी बघत नव्हते. ती बरणी बांधत असावी.

आता लाह्यांकडे वळू. मला वळायलाच हवं, कारण या मालिकेने मला जे काही दिलं त्यात सर्वांत जास्त दूध या गोष्टीत सांडलं आहे.

‘फार्मर बॉय’ हे या मालिकेतलं १९३३चं पुस्तक, लॉराच्या नवऱ्याच्या, अल्मान्झोच्या लहानपणाचं. हा मुलगा न्यूयॉर्क राज्यात मलोनजवळच्या शेतावर वाढला आणि पुस्तकभर जेवतो. सकाळी न्याहारीला ॲपल पाय खातो, शाळेत डबा खातो, घरी येऊन सफरचंद खातो, आणि मग जेवायला बसतो. त्याच्या मते एक पेला काठोकाठ दुधाने भरावा, तेवढाच दुसरा पेला मक्याच्या लाह्यांनी भरावा, आणि लाह्या एकेक करून दुधात सोडाव्यात. सगळ्या मावतात. दूध सांडत नाही. पावाचं असं करता येत नाही, असंही तो बजावतो.

पाचवीतल्या मुलीला हे वाचायला देणं हा गुन्हा आहे. मका नव्हता, पण नागपंचमी तोंडावर होती आणि घरात ज्वारीच्या लाह्या होत्या. कॉलनीत रतीब घालणारे एक दादा होते, त्यांचं म्हशीचं दूध असं दाट की त्यात लाही बुडायलाच तयार होत नव्हती. ती वर तरंगायची, तिच्यावर दुसरी बसायची, दुसरीवर तिसरी, आणि चाळिसाव्या लाहीला पेल्यावर शिखर तयार होऊन कळसाकडून दूध खाली यायचं. आईने पहिला पेला पाहिला आणि काही बोलली नाही. दुसऱ्याला म्हणाली, ‘आता ते पिऊन टाक.’ तिसऱ्याला बाबा उठले. त्यांचं म्हणणं, पृष्ठताण. ते स्वतः करायला बसले. चौथा पेला त्यांनी सांडला.

नंतर मी मोठी झाले, मक्याच्या लाह्या पाकिटात मिळू लागल्या, दूध पातळ झालं आणि प्रयोगाला चांगले दिवस आले. विज्ञान सोपं आहे. मक्याची लाही म्हणजे बहुतेक हवाच. ओली झाली की तिच्या भिंती कोसळतात आणि उरतो तो चिमूटभर चोथा. फक्त तिला कोसळायला वेळ द्यावा लागतो. लोणी लावलेल्या लाह्या चालत नाहीत, लोण्यामुळे दूध आत शिरत नाही. चीजच्या तर आणूच नका. पेला उंच आणि अरुंद नको. सायीचं दूध नको. फोन वाजला तर उचलू नये. एवढं सगळं पाळून मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात सासरी हा प्रयोग करून दाखवला. बारा लाह्या उरल्या होत्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, हात भरभर चालव, चहा टाकायचाय.’ मी भरभर चालवला. स्वयंपाकघराच्या फरशीला उतार कुठल्या दिशेला आहे ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. नवरा आजही एखादं काम होणार नाही असं वाटलं की म्हणतो, ‘लाह्या टाकून बघ.’

यंदा ७ फेब्रुवारीला मी तो प्रयोग पुन्हा केला आणि तो यशस्वी झाला. सत्तावीस मिनिटं लागली. टाळ्या झाल्या नाहीत, कारण तोपर्यंत बाकीच्या तिघी दिवाणखान्यात जाऊन बसल्या होत्या. भाची तेवढी ओट्याला टेकून उभी होती. ती तेवीस वर्षांची आहे आणि खायला येते. म्हणाली, ‘मावशी, त्या मुलाकडे टीव्ही नव्हता.’

दिवाणखान्यात विषय निघाला होता की आपल्यापैकी लॉरा कोण. पाय बुडवून आलेली म्हणाली, अर्थात मी, मी प्रवास करते. दुसरी म्हणाली, मी. टाळेबंदीत दोन महिने मिक्सरमध्ये गहू भरडून आम्ही पोळ्यांऐवजी दलिया खाल्ला. १८८०-८१च्या त्या हिवाळ्यात डी स्मेट गावात इंगल्स कुटुंबाने कॉफीच्या गिरणीत गहू दळून दिवस काढले होते आणि सरपण संपलं तेव्हा गवताला पीळ देऊन ते जाळलं होतं. हिच्या दलियात गाजर-मटार होते हे मला ठाऊक आहे. मावसबहीण म्हणाली, मला वाटतं मीही लॉराच. मी हसले. माझा दावा वेगळ्याच उंचीवरचा होता. लॉराचं पहिलं पुस्तक १९३२ साली आलं तेव्हा ती ६५ वर्षांची होती. मी ५८ची आहे. हातात सात वर्षं आहेत.

‘चार लॉरा?’ भाची म्हणाली. ‘मग नेली कोण?’

नेली ओल्सन. दुकानदाराची मुलगी, सोनेरी बटा, विकतची बाहुली. लॉराने ती तीन खऱ्या मुलींवरून बेतली होती असं मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मावसबहीण म्हणाली, ‘अगं, मे महिन्यात मी हिच्याकडे यायचे ना, तेव्हा ही मला पुस्तकाला हात लावू द्यायची नाही. हात धुवून ये म्हणायची. मग मी लांब बसायचं आणि पानं ही उलटणार.’

ती हे हसत म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि ‘तुझे हात घाण असायचे’ असं म्हणाले. म्हणजे नेली जे म्हणाली असती नेमकं तेच.

नेलीच्या घरच्या पार्टीत लॉरा बाहुलीकडे हात नेते आणि नेली ती हिसकावून घेते. हे मी किती वेळा वाचलं असेल? दर वेळी नेलीचा राग येऊन डोळ्यांत पाणी यायचं. आणि ते पुस्तक मी तेव्हा छातीशी धरलेलं असायचं.

विषय बदलावा म्हणून मी पा आणि कॅन्सस काढलं. घर बांधताना ओंडका माच्या पायावर पडतो, ते वगैरे. भाचीने विचारलं, ‘पण ती जमीन कोणाची होती?’

मला उत्तर माहीत होतं. टोळांच्या वेळी माझं तोंड थांबत नव्हतं, आता थांबलं. ती ओसेज या मूलनिवासी लोकांची राखीव जमीन होती. १८६९-७०मध्ये इंगल्सांसारखे अनेक जण तिथे परवानगीशिवाय जाऊन बसले, आणि शेवटी जावं लागलं ते ओसेज लोकांनाच. कॅन्ससच्या पुस्तकाच्या १९३५च्या आवृत्तीत असं वाक्य होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत होते. ते खटकून एकाने प्रकाशकांना पत्र पाठवलं, आणि १९५३च्या आवृत्तीत ‘माणसं’च्या जागी ‘वसाहतवाले’ आलं. त्या पत्रापर्यंत प्रकाशकांना, अगदी लॉरालासुद्धा, ते वाक्य वाचताना ठेच लागली नव्हती. २०१८मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी तिच्या नावाच्या पुरस्काराचं नावच बदललं, तेव्हा आम्ही चौघी फार चिडलो होतो.

मला भाचीचा राग आला नाही. स्वतःचा आला, आणि तोही अमेरिकेवरून नाही. ते रतीबवाले दादा. आमची कॉलनी ज्या जमिनीवर उभी होती, ती त्यांची. धरणाला जमिनी गेल्या, पैसे मिळाले-न-मिळाले, आणि ते आपल्याच शेतात उगवलेल्या क्वार्टरांच्या दारोदार दूध घालायचे. आमच्या व्हरांड्याच्या पायरीकडे बोट दाखवून एकदा मला म्हणाले होते, ‘इथं आंबा होता.’ मी तेव्हा हातातल्या पुस्तकात कॅन्ससमध्ये होते. ‘हो का,’ म्हणाले असेन.

कोणीच काही बोलेना. मग मावसबहिणीने, तिला शांतता सोसत नाही, मला प्लम क्रीकचं पुस्तक आणायला सांगितलं. म्हणाली, जळवांचं प्रकरण वाचू. पार्टीचा सूड म्हणून लॉरा नेलीला ओढ्यात जळवांच्या जागेकडे नेते ते. मी आणलं आणि या वेळी तिच्या हातात दिलं. तिने हात धुतले आहेत का ते बघितलं, पण विचारलं नाही.

त्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर तेलाचा डाग आहे. पिवळा, पलीकडच्या पानापर्यंत उतरलेला. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी तो दिसला तेव्हा मी आकांडतांडव केलं होतं. आई दर बदलीला लोणच्याची बरणी जुन्या नऊवारीत गुंडाळून मांडीवर घेऊन ट्रकमध्ये पुढे बसायची आणि नव्या घरात आधी ती फडताळात ठेवायची, मगच चूल. पुस्तकातली मा चिनी मातीची मेंढपाळीण नव्या घराच्या फळीवर ठेवते, तसं. त्या बरणीचं तेल माझ्या पुस्तकाला लागलं म्हणून मी आईशी दोन दिवस अबोला धरला होता. आई म्हणाली होती, ‘माझाच हात लागला असेल.’

मावसबहिणीने डागावर बोट ठेवलं. ‘हा माझा,’ ती म्हणाली. ‘तू झोपल्यावर मी बॅटरी लावून वाचायचे. भूक लागायची म्हणून फोड घेऊन बसायचे. मावशीने एकदा बघितलं.’

‘मग?’

‘काही नाही. बशी आणून दिली.’