आलंच!

सह्याद्रीत ट्रेक निघाला की त्यात एक काका असतातच. पन्नाशी उलटलेली, गुडघ्याला नी-कॅप, सॅकमध्ये शेंगदाण्याचे लाडू. कळसूबाईला आजवर किती वेळा गेलात, असं विचारलं तर दर वेळी नवा आकडा मिळतो.

भर पावसाळ्यात, अपरात्री बारी गावात जीपमधून उतरलं की काका वरच्या काळोखात बोट दाखवतात. ‘‘तो काय माथा! आलंच.’’ कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण काकांना ते मान्य नसावं. ‘‘अरे, बारीच केवढी उंचावर! निम्मा डोंगर जीपनेच चढवला की!’’

मग चढ सुरू होतो. लोखंडी शिडी येते. ‘‘एवढी शिडी, की पुढे सपाटी.’’ शिडीनंतर चढ येतो, चढानंतर पुन्हा शिडी. रोज जिममध्ये वजनं उचलणारा एखादा धिप्पाड तरुण पोटरी धरून खडकावर बसतो. काका त्याच्या हातात लाडू ठेवतात आणि सांगतात, ‘‘दहा मिनिटं!’’ हे वेळेचं माप नव्हेच, ग्लुकोज आहे. पोरगा उठतो, हे मात्र खरं.

काकांची पंचाईत होते ती ताकाच्या झोपडीपाशी. कोणीतरी आगाऊपणे विचारतं, ‘‘मावशी, अजून किती?’’ मावशी सरळ सांगतात, ‘‘तासभर लागंल.’’ काका घाईघाईने सगळ्यांसाठी ताक मागवतात. पैसेही स्वतःच देतात. एरवी जीपच्या भाड्यात सुट्टे पाच रुपये सोडत नाहीत!

माथ्यावर कळसूबाईचं चिमुकलं देऊळ. काका बूट काढून मनापासून हात जोडतात आणि लगेच कामाला लागतात. ‘‘हा अलंग, हा मदन, हा कुलंग. तिकडे रतनगड. खाली भंडारदऱ्याचं पाणी.’’ समोर दाट धुकं. हात लांब केला तर बोटंही दिसत नाहीत. तरी सगळे माना डोलावतात. एकजण तर रतनगडाचा फोटोही काढतो.

उतरताना गुडघे बोलू लागतात, शेवाळलेल्या खडकावर दोघे-तिघे बसकण मारतात आणि काका जाहीर करतात, ‘‘उतार काय, अर्ध्या तासात खाली!’’

तेव्हा वाचकहो, काकांच्या मागोमाग खुशाल चढा. फक्त कसाऱ्याहून परतीची लोकल कुठली धरायची, हे त्यांच्या हिशेबाने ठरवू नका. ते ताकवाल्या मावशींना विचारा.