माणदेशी माणूस खाजणात

आटपाडी तालुका गदिमांचा, व्यंकटेश माडगूळकरांचा, शंकरराव खरातांचा. तिथल्या आमच्या लेखकमहाशयांचं साहित्यिक भांडवल एवढंच की तेही तिथलेच. ऐरोलीच्या मेहुण्यानं त्यांना ठाणे खाडीतले रोहित पक्षी बघायला बोलावलं.

होडी भरती बघून सुटते. दोघं धक्क्यावर पोचले तेव्हा ओहोटी होती. समोर नुसता काळा गाळ.

"पानी कुठं गेलं रं?"

"येतंय की दाजी, दोन-तीन तासांत."

महाशय गप्प झाले. टेंभू योजनेचं पाणी आटपाडीला यायला किती वर्षं, किती मोर्चे, किती पाणी परिषदा! इथं मात्र ते दिवसातून दोनदा येतं, बिनअर्जाचं.

गाळात निवट्या होत्या. बोटाएवढा मासा, डोळे पार टाळूवर, छातीच्या परांवर रेटा देत चिखलातून चालतो. माणदेशात पाण्याविना माणसं राहतात. पाण्याविना मासा महाशयांना नवा होता. जवळून बघायला म्हणून ते बांधावरून उतरले आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो उपसायला उजव्यावर जोर दिला, तर उजवाही गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला तो असल्या चिखलातून कसा, हा प्रश्न अशाच वेळी पडतो. मेहुणा व्हिडिओ काढत होता.

शेवटी शिंपल्या वेचणाऱ्या एका कोळीणबाईंनी फळी टाकली आणि पालथं पडायला फर्मावलं. आटपाडीचं साहित्य पोटावर सरपटत काठाला लागलं. डावी कोल्हापुरी वहाण आतच राहिली. ही खाडी २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ. म्हणजे वहाण आता आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीत आहे.

मग होडी, तिवरं, बगळे. आणि रोहित! चोच उलटी करून गाळ गाळणारे, शेवाळातल्या रंगद्रव्यानं गुलाबी झालेले. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर यांचाच एक थवा विमानाला धडकला, तीसहून जास्त मेले. पाणथळी बुजवायच्या, वर पाखरं वाट चुकली म्हणायचं!

"आपल्या मायणीच्या तळ्यावर बी उतरत्यात ही," महाशय हळूच म्हणाले. मेहुण्यानं मोबाइल खिशात ठेवला.

जायचं तर हिवाळ्यापासून मेपर्यंत जा, भरतीची वेळ आधी विचारा आणि बांधावरून उतरू नका. वहाण दिसलीच, तर नऊ नंबरची आहे.