निघालेला

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माणसं ढोबळमानानं तीन प्रकारची. काही मुंबई-पुण्याला गेलेली, काही गावात राहिलेली आणि काही निघालेली. गेलेले जत्रेला येतात, राहिलेले जत्रा भरवतात. निघालेला दर जत्रेत भेटतो आणि दर जत्रेत सांगतो, "पुढच्या वर्षी मी नसेन बरं का."

पूर्वी असा वर्ग नव्हता. या भागातली मागची पिढी डबे पोचवायला मुंबईला निघाली, माळशेज घाटातून उतरली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. वाटेत त्यांच्याकडे कुणी भाषेचा दाखला मागितला नाही. हल्लीचा निघालेला जर्मनीला निघतो, तेही एमएस करायला. त्यामुळे त्याचं निघणं वर्षानुवर्षं चालतं.

तो मेकॅनिकल इंजिनिअर असतो. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. पुढचं शिक्षण इंग्रजीतून झालं असं गुणपत्रिका म्हणते. प्रत्यक्ष वर्गात थर्मोडायनॅमिक्स मराठीतच उकळत होतं. पदवीनंतर वर्षभर चाकणला ट्रेनी म्हणून जातो. तिथं जर्मन गाड्यांचे कारखाने पाहतो आणि एके दिवशी घरी येऊन जाहीर करतो की, नट आवळायचेच तर मुळाशी जाऊन आवळू. शिवाय जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांना शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यानं २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो लावले, पण तो अपवाद. "फुकट आहे" हे ऐकून घरचे होकार देतात. फुकटाच्या अटी काय आहेत, हे त्यांना हळूहळू कळत जातं.

या अटींच्या बाबतीत निघालेल्याचा हात धरणारा कुणी नाही. नारायणगावच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर त्याला गाठा आणि नुसतं "काय लागतं रे जर्मनीला?" म्हणा. चहा निवतो, दुसरा येतो, तोही निवतो. इंग्रजीतून एमएस करायचं तर आयईएलटीएसला नऊपैकी साडेसहाच्या आसपास. त्यातही काही ठिकाणी कुठल्याच भागात सहाच्या खाली चालत नाही. जर्मनमधून करायचं तर टेस्टडाफ या भाषेच्या परीक्षेच्या चारही भागांत चार, नाहीतर डीएसएच-टू, नाहीतर सी-वन. २०२२च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना एपीएसचं प्रमाणपत्रही लागतं, म्हणजे तुमची गुणपत्रिका खरी आहे याची वेगळी खात्री. हिवाळी सत्राचे अर्ज बहुतेक ठिकाणी १५ जुलैपर्यंत, उन्हाळी सत्राचे १५ जानेवारीपर्यंत. हे सगळं तो कागद न बघता म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं येणारा माणूस अजून इथं कसा?

कारण मुदत. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो. पहिल्या वर्षी निघालेल्यानं इंग्रजीत साडेसहा मिळवले आणि पेढे वाटले. मग कुणीतरी सांगितलं, तिथं गेल्यावर नोकरी हवी तर जर्मन पाहिजे. म्हणून पुण्याला जाऊन जर्मन धरलं. ए-वन, ए-टू, बी-वन अशा पायऱ्या चढत बी-टूला पोचला, तोवर इंग्रजीची मुदत संपली. पुन्हा इंग्रजीच्या तयारीला लागला, तर जर्मन गंजलं. शिवाय बी-टूच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार विभाग. प्रत्येकात शंभरात साठ पाहिजेत. तीन विभाग सुटले, श्रवणात ५७ आले. एकट्या श्रवणाला पुन्हा बसता येतं, हे समजल्यावर तो नापास झाल्याचं दुःख विसरला. "सोय किती चांगली आहे बघा," असं तो आठवडाभर ज्याला त्याला सांगत होता.

श्रवणाचा अभ्यास चुलीजवळ चालतो, कारण मोबाइलला रेंज तिथंच. ध्वनिफितीत कुठल्यातरी स्टेशनवर एक बाई घोषणा करते. निघालेला पेन्सिल घेऊन बसतो, तीनदा ऐकतो, कपाळाला आठ्या घालतो. भाकरी थापणारी आई मान वर न करता म्हणते, "गाडी लेट हाय म्हणती ती. आन् फलाट बी बदललाय." उत्तरसूची काढून पाहिली, तर अगदी तसंच. आईला जर्मनचा एक शब्द येत नाही. पण आयुष्य मंचर आणि आळेफाट्याच्या स्टँडवर गेलंय. घोषणा करणाऱ्याचा आवाज कुठं पडला की गाडी उशिरा असते, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिला परीक्षेला बसवलं असतं तर श्रवणाचा प्रश्न केव्हाच मिटला असता.

संभाषणाचा सराव मात्र उसात. शेतीपंपाची वीज पाळीनं येते आणि पाळी रात्रीची असली की पाणी धरायला रात्रीच जावं लागतं. इकडं उसात बिबट्यांचा वावर. वनखात्याचं सांगणं असं की, रात्री एकट्यानं जाऊ नये, गेलंच तर बॅटरी घ्यावी आणि आवाज करत जावं. बाकीचे मोबाइलवर गाणी लावतात, कुणी भजन म्हणतात. निघालेला क्रियापदं चालवतो. बॅटरीचा झोत बांधावर टाकत, वरच्या पट्टीत, "इश हाबं, दू हास्ट, एर हाट." मग भूतकाळ, मग संकेतार्थ. शेजारच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यानं पहिल्या रात्री उठून विचारलं, "कोणाशी भांडतंय रं पोरगं?" आता सगळ्यांना सवय झाली आहे. त्याच्या पाळीच्या रात्री त्या शिवारात वाघरू फिरकत नाही, असं लोक सांगतात. काहींचं म्हणणं वेगळं आहे: वाघरू येतं, पण त्याचंही बी-वन झालेलं असल्यामुळे ते मन लावून ऐकतं.

बी-वनच्या संभाषणाचा त्याचा किस्सा तर दोन्ही तालुक्यांत पोचला. त्या परीक्षेत दोन उमेदवारांना समोरासमोर बसवतात आणि दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. याला विषय आला, सहकाऱ्याच्या निरोपाचा छोटा समारंभ. समोर कोल्हापूरकडची एक मुलगी. तिनं शुद्ध जर्मनमध्ये सुचवलं, आठ लोकांना बोलवू, मी केक आणते, तू काय आणशील? यानं तितक्याच शुद्ध जर्मनमध्ये सांगितलं, आठशे तरी धर. मांडववाला माझ्या ओळखीचा आहे, आचारी ओतूरचा सांगू, आणि केकऐवजी लापशी ठेवू. मुलगी घाबरली, पण परीक्षा होती. तिनं विचारलं, इतक्या लोकांना निरोप कोण देणार? हा म्हणाला, भाऊबंदांना घरोघर जाऊन, बाकीच्यांना पत्रिका. परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. निकालात दोघांनाही भरघोस गुण होते. सूचना मांडणे, पर्याय देणे, जोडीदाराला पटवणे, या सगळ्या निकषांत तो चोख बसला होता. जर्मनीत असा समारंभ होत नाही, असं निकषात कुठं लिहिलेलं नव्हतं.

घरात अडचण झाली ती पैशाच्या वेळी. व्हिसासाठी जर्मनीतल्या खात्यावर वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ठेवावे लागतात. हे वडिलांना, म्हणजे आण्णांना, समजावण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

"म्हंजी पैसे आपले?"

"आपलेच."

"ते त्यांच्याकडं ठेवायचे?"

"हो. मग तिकडं गेल्यावर ते मला महिन्याला ९९२ युरो देणार."

आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आपलेच पैसे, आपल्यालाच हप्त्यानं? आरं, मंग उसाचं बिल घ्यायला जर्मनीला कशाला जायाला पाहिजे?"

लग्नाच्या बाजारात तर निघालेल्याची फारच कुचंबणा. गेलेल्याला मुली सांगून येतात. राहिलेल्याला, जमीन आणि पाणी पाहून, कधीतरी येतात. निघालेल्याच्या बायोडेटावर आई-आण्णांनी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं, बी.ई. मेकॅनिकल, जर्मन बी-वन. मध्यस्थानं कागद लांब धरून वाचला आणि विचारलं, "बी-वन म्हंजी किती एकर?" एकदा घोडेगावकडची मंडळी आली, चहा-पोहे झाले. मुलीच्या मामानं सरळ विचारलं, "जावईबापू हितं ऱ्हानार का तिकडं?" निघालेला म्हणाला, "ते सत्रावर अवलंबून आहे." मंडळी उठली.

गावातले एक निवृत्त गुरुजी त्याला अधूनमधून टोकतात. त्यांना जुन्नरच्या इतिहासाचा नाद. एकदा त्यांनी त्याला लेण्यांकडं बोट दाखवून सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वी इथं यवन आले होते. इरिल, चिट, चंद अशी त्यांची नावं कोरलेली आहेत. इरिलानं पाण्याची दोन टाकी दान दिली, आणि लेख कोरला तो ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. निघालेल्यानं लगेच विचारलं, "मग त्यांची प्राकृतची लेव्हल काय होती?"

"टाक्यात पाणी होतं," गुरुजी म्हणाले. "लेव्हल तीच."

मग त्यांनी निकितीनची गोष्ट काढली. अफानासी निकितीन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी. पंधराव्या शतकात, बहमनींच्या काळात, एक घोडा विकायला घेऊन तो चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला येऊन राहिला. इथल्या असद खानानं त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाही बदललास तर घोडाही गेला आणि हजाराचा दंडही. मुदत चार दिवस. अखेर खुरासानच्या एका ओळखीच्या माणसानं रदबदली केली, म्हणून तो घोड्यासकट सुटला. पुढं त्यानं प्रवासाची हकिकत लिहिली. त्यात रशियनच्या मध्येच तुर्की, फार्सी, अरबी असं जे आठवेल ते घातलं. गुरुजींना सांगायचं होतं की, माणूस निघाला की भाषा वाटेत गोळा होते. निघालेल्यानं मात्र भलतंच उचललं. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "एकच अट? आणि चार दिवसांत निकाल?" त्याच्या आवाजात निकितीनबद्दल चक्क असूया होती.

असं असूनही तो कुचकामी आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. त्याच्या सल्ल्यानं कितीजण गेले! दोन्ही तालुक्यांतल्या पोरांना अर्जाचं पत्र तोच लिहून देतो, कागदांचे अनुवाद कुठं करायचे ते तोच सांगतो. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली बाडेन-व्युर्टेम्बेर्गशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हा आयटीआयची वायरमन पोरंही त्याच्याकडं येऊ लागली. त्यांना सी-वन नको होतं, कामापुरतं बोलता आलं म्हणजे झालं. हे निघालेल्याला अजिबात पटलं नाही. "कामापुरती भाषा म्हणजे काय भाषा आहे?" असं तो चिडून म्हणाला, पण शिकवलं त्यानंच.

गेलेल्यांपैकी एकानं श्टुटगार्टहून निरोप पाठवला, "दादा, इथले लोक श्वाबिश बोलतात. बी-टू होऊनही बेकरीत काही कळत नाही." निघालेल्यानं उलट निरोप धाडला, "घाबरू नकोस. श्वाबिशची परीक्षा असते का ते बघतो."

इथंच त्याचं खरं दुखणं आहे. विद्यापीठाला भाषा हवी असते ती वर्गात बसण्यापुरती. त्यांनी उंबऱ्याची उंची ठरवली आहे. ओलांडला की आत या, उरलेलं आत शिका. निघालेला उंबऱ्यावरच मुक्काम करतो, कारण लहानपणापासून त्याला शिक्षणाची एवढी एकच बाजू दाखवलेली आहे: चौथीची स्कॉलरशिप, दहावी, बारावी, सीईटी. प्रत्येक परीक्षेमागं दुसरी उभी. स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांना निदान वयाची अट सोडवते. अमुक वय झालं की सरकारच सांगतं, बाळा, आता घरी जा. जर्मनला वयाची अट नाही. त्यामुळे सुटकाही नाही.

आणि यंदा चक्क पत्र आलं. विद्यापीठाचं, शिक्क्याचं, प्रवेश मंजूर झाल्याचं. बातमी नारायणगावपासून मंचरपर्यंत तासाभरात पोचली. भाऊबंद जमले, हार आले, कुणीतरी देवळापुढं फटाकेही लावले. आण्णांनी कांदाचाळीकडं बघून मनातल्या मनात युरोचा हिशेब मांडला. निघालेल्यानं सगळ्यांसमोर पत्र मराठीत वाचून दाखवलं आणि दुसऱ्या पानावर आल्यावर त्याचा चेहरा उजळला. प्रवेश सशर्त होता. नाव नोंदवण्याआधी सी-वन दाखवणं आवश्यक.

"सी-वन!" तो म्हणाला. "बी-टूच्या वरची!"

माणसं पुन्हा टाळ्या वाजवू लागली. आई भिंतीला टेकून उभी होती. पोराचा आवाज कुठं चढतो आणि कुठं पडतो, ते ती नीट ऐकत होती. टाळ्या थांबल्यावर तिनं पदर खोचला आणि आण्णांना म्हणाली, "रोपाला सांगून ठेवा. कांद्याच्या लागणीला हाये ह्यो."