उजेडवाले काका

हैदराबादेतल्या मराठी मंडळींत लग्नाचं स्थळ, भाड्याचं घर आणि बरा फोटो या तिन्ही गोष्टी ओळखीतूनच मिळतात. पहिल्या दोन्हींसाठी दहा दारं ठोठावावी लागतात. तिसरीसाठी मात्र प्रत्येक गोतावळ्यात एक काका ठरलेले असतात. सुलतान बाजार-काचीगुड्याच्या जुन्या घरांत ते असतात आणि हायटेक सिटीच्या विसाव्या मजल्यावरही. पोटापाण्याला संगणक, खांद्यावर कॅमेरा आणि फ्लॅशचा इतका विटाळ, की कुणी चमकवला तर हे सोवळ्यातल्या आजीसारखे चार पावलं मागे सरकतात.

काका माणूस बघत नाहीत, माणसावर काय पडलंय ते बघतात. भेटल्यावर ‘कसा आहेस’ म्हणायच्या आधी हनुवटीला बोट लावून तुमचं तोंड खिडकीकडे फिरवतील. “नाकाची सावली गालावर आली. थोडा वळ. हां, आता बोल. मुलगी कितवीत?”

त्यांचं सगळं पंचांग सूर्यावर चालतं. आपल्या सतराव्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे कोवळं तिरपं ऊन जेमतेम अर्धा तास टिकतं. त्या अर्ध्या तासासाठी अख्ख्या कुटुंबाला अंधारात आंघोळी घालून खाजागुड्याच्या खडकांवर उभं केलं जातं. “अडीच अब्ज वर्षं जुना ग्रॅनाइट आहे हा,” काका खडकावर थाप मारून सांगतात, “एवढा मोठा रिफ्लेक्टर निसर्गाने फुकट टाकून ठेवलाय आणि तुम्ही थंडी वाजते म्हणता!” ९ मे आणि ३ ऑगस्टच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शाळेतली पोरं गच्चीवर बाटली उभी करून तिची नाहीशी होणारी सावली बघतात. काका त्या दिवशी कॅमेरा कपाटात घालून कुलूप लावतात, कारण बाटलीची सावली गेली तरी माणसाची भुवयांखाली जाऊन बसते आणि चांगल्या खात्यापित्या घरचा जावई उपाशी दिसायला लागतो. उलट जुलैत आभाळ भरून आलं, की जेवणाच्या ताटावरून फोन येतो : “निघा! ढगांनी ऊन गाळून दिलंय!”

कुलदैवत राजा दीनदयाळ. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. १८९२ साली पडदानशीन बायकांसाठी त्यांनी इथे वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका बाईंच्या हाती सोपवला. काकांना मात्र त्याआधीची गोष्ट जास्त प्रिय. दीनदयाळ रुडकीला इंजिनिअरिंग शिकले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, कॅमेरा नंतर आला. “इंजिनिअरच होते ते!” हे वाक्य काका काकूंकडे बघून म्हणतात. काकू म्हणतात, “त्यांना निजाम पैसे देत होता.”

त्यांची खरी कसोटी लागते ती स्थळासाठी पाठवायच्या फोटोला. संध्याकाळी कुतुबशाही मकबऱ्यांत मुलीला कमानीच्या आत एक हात उभी करायची. तोंड बाहेरच्या उजेडाकडे, पाठीशी काळोख. ऊन अंगावर नाही, पण डोळ्यांत अख्खं आभाळ चमकतंय. हे त्यांना जमतं आणि फार सुंदर जमतं. तेवढ्यात पहारेकरी येतो : “साब, स्टँड नक्को!” काका स्टँड मिटतात आणि मुलीच्या मामाच्या खांद्यावर कोपर टेकतात.

फोटो बघून मुलीची आई विचारते, “अहो, घुमट कुठे गेले?” पाठीशी काळोख धरून काढलेल्या चित्रात घुमट येत नाहीत, ते काकांच्या पाठीमागे राहतात. “मग एवढ्या लांब कशाला आलो? घरच्या जिन्यात काढला असता.”

“जिना पूर्वेला आहे, वहिनी. संध्याकाळी चालत नाही.”

वहिनी गप्प बसतात. काकांच्या फोटोत मुलगी शहाणी दिसते, नवरा मुलगा कर्तबगार दिसतो, आणि लग्नानंतर दोन्ही बाजू एकमेकांकडे संशयाने बघतात. पण त्यात काकांचा दोष नाही. साडेपाचच्या उजेडात ती दोघं खरंच तशी दिसत होती. बाकीच्या साडेतेवीस तासांची हमी त्यांनी कधी दिलेली नाही. पैसे ते घेत नाहीत. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं चालतात.

त्यांनी बोलावलं तर जरूर जा. फक्त पोटभर खाऊन जा आणि पांढरा शर्ट घालू नका. घातलात, तर फोटो दुसऱ्याचा निघेल आणि तुम्ही त्याच्या डाव्या गालावर उजेड पाडत तासभर वाकून उभे राहाल.